वाघीण मारली त्याच्या नंतरचा पोळा

दिवाळीच्या सुट्टीत लंबू गेला. छातीत दुखायला लागलं, यवतमाळला नेईपर्यंत संपलं. शाळा उघडल्यावर त्याच्या शाळेचा प्रभार सहायक शिक्षकाकडे द्यायचा होता आणि केंद्रप्रमुख म्हणून ते काम माझ्याकडे आलं. दुसऱ्या कोणाला पाठवा, असं साहेबांना म्हणता आलं असतं. म्हटलं नाही.

शाळा राळेगाव तालुक्यातल्या एका कोलाम पोडावरची; पोड म्हणजे कोलाम आदिवासींची वस्ती. पहिली ते चौथी, दोन शिक्षक. लंबूनं ती मागून घेतलेली. बाकीचे गुरुजी बदलीच्या वेळी डांबरी रस्ता बघतात, यानं पोड बघितलं. यात त्याग वगैरे होता असं मला वाटत नाही. त्याला तिथे करमायचं.

आम्ही दोघं पहिलीपासून एका पाटीवर वाढलो. डी.एड. बरोबर, शिक्षणसेवक म्हणून महिन्याला ३००० रुपयांवर लागलो तेही बरोबर. पुढे मी केंद्रप्रमुख झालो आणि तो माझ्या केंद्रात आला. माहिती वेळेवर देणं त्याला कधी जमलं नाही. ‘आज दुपारी १२ पर्यंत, अतितात्काळ’ असा माझा मेसेज गेला की त्याचा फोन यायचा, “तू मले अतितात्काळ म्हणतं काय बे? पहिलीत माह्या पाटीवर पाहून लिहे तू!” ऑनलाइन कामात तर तो अगदीच कच्चा. यू-डायसचा, म्हणजे शाळेच्या वार्षिक माहितीचा फॉर्म दरवर्षी मीच रात्री बसून भरून द्यायचो आणि शिव्या घालायचो.

त्या दिवशी सकाळपासून आम्ही जडवस्तू रजिस्टर घेऊन बसलो. सतरंज्या, लोखंडी कपाटं, खिचडीची भांडी, वजनकाटा. तांदूळ मोजला. पोरामागे दिवसाला १०० ग्रॅम, हजेरीपटावरून खर्ची टाकलेला आणि कोठीत शिल्लक असलेला, दोन्हीचा ताळा बसला. हा ताळा मी फार कमी शाळांत बसलेला पाहिला आहे. सहायक शिक्षक मराठवाड्यातले, तरुण, नुकतेच लागलेले. ते लिहीत होते, मी सांगत होतो. मध्येच पोडाचे नाईक, म्हणजे वस्तीचे प्रमुख, येऊन दारात बसले. बोलले काहीच नाहीत.

मुलांचा प्रवेश नोंदवायच्या दाखल-खारीज रजिस्टरखाली एक दोनशे पानी वही निघाली. वर नाव नाही. उघडली, तर रकाने पाडलेले : मुलाचं नाव, आई काय म्हणते, आशाताईच्या नोंदीत काय, ठरलेली तारीख.

जन्मतारखेची गोष्ट इकडे सगळ्यांना ठाऊक आहे. विदर्भात शाळा २६ जूनला उघडायची. घरी बाळंत झालेल्या बाईकडे कागद नसायचा, म्हणून गुरुजी पोराकडे बघून सहा वर्षं धरायचे आणि १ जुलै ठोकायचे. गावंच्या गावं १ जुलैला जन्मली. मी १ जुलैचा, लंबूही १ जुलैचा, सालसुद्धा एकच; आमच्या गुरुजींनी दोघांना एका दमात उरकलं. लंबू माझ्याहून डोकंभर उंच होता. त्याची आई म्हणायची, “हा त कापूस घरात आला तवाचा हाय.” म्हणजे थंडीतला. पण एकदा दाखल-खारीजला चढलं की तेच दाखल्यावर, तेच आधारवर, तेच नोकरीत. नवोदयच्या परीक्षेला पोरगं चार महिन्यांनी बाद होतं ते याच रकान्यापायी. तेरा-चौदाची पोरगी कागदावर अठराची होते तीही इथूनच.

वहीतल्या काही नोंदी मी तिथेच वाचून काढल्या.

‘नोटा बंद झाल्या, त्याच्या आठव्या दिवशी. सुइणीला द्यायला पाचशेची नोट होती, ती तिनं घेतली नाही. १६ नोव्हेंबर २०१६.’

‘वाघीण मारली त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे. आधी महिनाभर रात्री कोणी बाहेर निघत नव्हतं. ३ नोव्हेंबर २०१८.’

टी-१ वाघीण. बाहेरचे तिला अवनी म्हणत. २ नोव्हेंबरच्या रात्री बोराटीच्या जंगलात तिला गोळी घातली, ती तारीख आमच्याकडे कोणाला पाठ करावी लागत नाही.

वहीच्या मागच्या बाजूनं कोलामी शब्द, देवनागरीत लिहिलेले, समोर मराठी. पहिलीत आलेल्या पोराला मराठी कळत नाही, मग मास्तरनंच आधी शिकायला पाहिजे, हे तो मीटिंगमध्येही बोलायचा. तेव्हा आम्ही घड्याळ बघायचो.

“सर, ही वही यादीत कशी घेऊ? जडवस्तूत बसत नाही,” सहायक शिक्षकांनी विचारलं.

“इतर अभिलेखात घ्या. ‘जन्मतारीख पडताळणी वही, एक.’ पानं मोजून लिहा.”

तेवढ्यात एक बाई आली. पदर खोचलेला, हाताला कापसाची रुई चिकटलेली, वेचणी सोडून आली होती. सोबत पोरगं. “पयल्यात नाव टाकाचं हाय. कामावर गेलो व्हतो, आता आलो.”

जन्मतारीख तिला सांगता येईना. “तान्ह्या पोळ्याचा हाय. पोट्टे लाकडाचे बैल घेऊन दारात आले, तवा मी कळा देत व्हती.”

सरांनी माझ्याकडे पाहिलं. “तान्हा पोळा म्हणजे?”

“पोळ्याचा दुसरा दिवस. तुमच्याकडे नसतो.”

“पण साल?”

मी बाईला विचारलं, “वाघीण मारली, त्याच्या आधीचा पोळा का नंतरचा?”

“नंतरचा. लगेचचा.”

सरांनी मोबाइलवर कॅलेंडर काढलं. २०१९ चा पोळा ३० ऑगस्टला होता. त्यांनी वहीत नवीन ओळ आखली, बाईचं बोलणं जसंच्या तसं लिहिलं आणि शेवटच्या रकान्यात ३१ ऑगस्ट २०१९ टाकलं. आशाताईचा रकाना मोकळा ठेवला; तिच्याकडे दुपारी जाऊन येतो म्हणाले.

“मोठीच्या येळेस गुर्जीनं नोटायचं इचारलं व्हतं,” बाई म्हणाली आणि पोराला तिथेच बसवून परत वेचणीला गेली.