करटुल्याचा नरवेल

मघा नक्षत्र

परसातल्या मांडवावर चढलेल्या करटुल्याच्या वेलांपैकी नर कोणते आणि मादी कोणत्या, याचा उलगडा अखेर या आठवड्यात झाला. रोहिणीत बी टोकले तेव्हा हे कळण्याचा कोणताच मार्ग नव्हता. बी पाहून कळत नाही, रोप पाहून कळत नाही, पानांवरून आणि ताणांवरून तर मुळीच कळत नाही. वेल वाढवायचा, त्याला आधार द्यायचा, पाणी घालायचे आणि फुलाची वाट पाहायची, एवढेच आपल्या हाती असते. पपई लावणाऱ्या प्रत्येकाला हा अनुभव आहे. खजूर, ताड आणि भांग यांचेही असेच आहे, नर वेगळा आणि मादी वेगळी. दोडका, भोपळा, कारले यांच्या एकाच वेलावर दोन्ही प्रकारची फुले येतात. करटुले मात्र कारल्याचे सख्खे भावंड असूनही या बाबतीत वेगळे निघते.

ओळखीची खूण मी आज भिंग घेऊन नीट पाहिली. नराच्या कळीला अगदी कळीशीच चिकटून एक हिरवे सहपत्र, म्हणजे फुलाच्या देठावरचे लहानसे पान, असते आणि ते कळीला तान्ह्या मुलाच्या टोपड्यासारखे झाकून घेते. त्यामुळे कळी लहान असतानाच नर ओळखू येतो. मादीच्या देठावरही सहपत्र असते, पण ते अगदी बारीक आणि देठाच्या बुडाकडे असते. कळीच्या खाली मात्र हिरव्या, मऊ काट्यांचे इवलेसे करटुले आधीच तयार बसलेले दिसते. ते अंडाशय. परागकण मिळाले तर तेच फळ होऊन वाढते, आणि न मिळाले तर पिवळे पडून गळून जाते.

मांडवावर एकूण नऊ वेल आहेत. सहा बालाघाटच्या डोंगरातल्या बियांचे आणि तीन किनवटकडच्या. बालाघाटच्या सहांत तीन नर व तीन मादी निघाल्या, किनवटच्या तिनांत दोन नर आणि एक मादी. बियांपासून लावलेल्या करटुल्यात साधारण निम्मे नर निघतात हे मला ठाऊक होते, त्यामुळे या आकड्यांचे आश्चर्य वाटले नाही. नरांना फुले आधी आली आणि मादीच्या वेलांवर त्यानंतर काही दिवसांनी कळ्या दिसू लागल्या.

बालाघाटचे बी ज्या मावशींनी दिले, त्या डोंगरातून रानभाज्या घेऊन अंबाजोगाईच्या बाजारात बसतात. मागच्या पावसाळ्यात मी त्यांना बाजारात विकायची कोवळी फळे न मागता वेलावरच पिकून नारिंगी झालेली फळे मागितली, तेव्हा त्यांनी आधी माझ्याकडे निरखून पाहिले. मग पुढच्या खेपेला पळसाच्या पानात बांधून आणून दिली आणि पैसे घ्यायला नकार दिला. त्या परवा घरी आल्या होत्या. मांडव पाहून त्यांना आनंद झाला, पण बोट मात्र थेट बालाघाटच्या नरांवर ठेवले. "बाई, हे तीन वांझ हायेत. एक ऱ्हाऊ द्या, बाकीचे उपटून टाका. उगं जागा खात्यात." त्यांचे म्हणणे व्यवहाराला धरूनच होते. करटुल्याची शेती करणारे शेतकरीही आठ ते दहा माद्यांमागे एकच नर ठेवतात, कारण नराला फळ धरत नाही आणि मांडवावरची प्रत्येक वीत मोलाची असते.

मी नर उपटणार नाही, आणि त्यामागची कारणे आज सविस्तर लिहून ठेवावीत असे वाटते.

फळ हवे असेल तर एक नर पुरतो. बी राखायचे असेल तर तो पुरत नाही. सर्व माद्यांना एकाच नराचे पराग लागले, तर पुढच्या पिढीतली यच्चयावत रोपे एकाच बापाची होतात. त्यांना आपापसांत पुन्हा लावत गेले की काही पिढ्यांत वाण खंगतो. आनुवंशशास्त्रात यासाठी एक साधे सूत्र आहे: नरांची संख्या आणि माद्यांची संख्या यांचा गुणाकार करावा, त्याची चौपट करावी आणि एकूण संख्येने भागावे. येणारा आकडा सांगतो की वाणाच्या विविधतेच्या दृष्टीने तुमचे झाडोऱ्याचे कुटुंब खरे किती मोठे आहे. आठ माद्या आणि एक नर असे नऊ वेल असले तरी उत्तर येते जेमतेम ३.६. माझ्याकडच्या बालाघाटच्या तीन माद्या आणि तीन नर यांचे उत्तर ६ येते. मावशींचे ऐकून दोन नर काढले असते तर वेल चार उरले असते आणि उत्तर ३ आले असते. म्हणजे दोन "वांझ" वेलांबरोबर या कुटुंबाचा अर्धा विस्तार निघून गेला असता.

कंदांबद्दलही हेच म्हणावे लागेल. करटुल्याचा वेल हिवाळ्याच्या तोंडाशी वाळतो, जमिनीतला कंद उन्हाळा काढतो आणि मृगाच्या सरींनी पुन्हा फुटतो. मादीचा कंद लावला की मादीच उगवते, शंका नाही आणि वर्षही वाया जात नाही. म्हणूनच लोक डोंगरातून कंद खणून आणतात. पण कंद म्हणजे त्याच वेलाची हुबेहूब प्रत असते, त्यात नवे काही नसते. शिवाय खणलेल्या जागी डोंगरात मागे खड्डाच उरतो. बांध यंत्राने सपाट होत आहेत, कुंपणाच्या बोरी-बाभळी तोडल्या जात आहेत, तणनाशकाने बांधाच्या कडा जळत आहेत. करटुल्याला चढायला आता जागाच कमी राहिली आहे. अशा वेळी जो डोंगरात उरला आहे तो कंदही आपण घरी आणावा, हे मला पटत नाही. पिकलेल्या दोन-चार फळांचे बी घेतले तर वेल जिथल्या तिथे राहतो.

पूर्वा नक्षत्र

परागीकरणाचे काम सुरू आहे. करटुल्याचे फूल दिवस मावळताना उमलते, त्यामुळे हे काम स्वयंपाकाच्या वेळेवरच येते, पण त्याला इलाज नाही. रानात हे काम रात्रीचे पतंग करतात. मांडवावर बालाघाट आणि किनवट शेजारी असल्यामुळे ते पतंगांवर सोपवणे मला परवडणारे नाही. म्हणून दुपारीच, दुसऱ्या दिवशी नव्हे तर त्याच संध्याकाळी उमलेल अशी टपोरी पिवळसर कळी हेरून तिच्यावर मलमलीची लहान पिशवी चढवते आणि देठाशी सैलसर दोरा बांधते. नराच्या कळ्यांनाही तशीच पिशवी घालते, नाहीतर एखादा पतंग दुसऱ्या वेलाचे पराग आणून त्यावर झटकून जायचा.

अंधार पडण्याच्या सुमारास नराचे फूल तोडायचे, त्याच्या पाकळ्या मागे मुडपायच्या आणि मधले पुंकेसर मादीच्या फुलाच्या कुक्षीवर, म्हणजे पराग झेलणाऱ्या मधल्या टोकावर, हलक्या हाताने फिरवायचे. कुक्षी तीन भागांत विभागलेली असते आणि तिन्ही भागांना पराग लागले पाहिजेत. बोटाला पिवळी भुकटी लागते, फुलाला मंद कस्तुरीसारखा वास येतो. पिशवी लगेच पुन्हा चढवायची आणि देठाला चिठ्ठी बांधायची: मादी कोणती, नर कोणता, नक्षत्र कोणते. बालाघाटच्या तिन्ही नरांना मी आळीपाळीने वापरते आणि प्रत्येक मादीवर तिघांचेही पराग वेगवेगळ्या फुलांवर पडतील अशी काळजी घेते.

किनवटच्या एकुलत्या मादीपाशी मात्र मन जरा अडले. बालाघाटचा एखादा नर तिला लावून पाहावा, संकराचे वेल जोमदार निघतील, असा मोह होतो. धाकट्या जाऊबाईंनी माहेराहून आणलेले ते बी जास्त पावसाच्या, सागाच्या जंगलातले आहे. इकडचे बालाघाटचे वेल उघड्या, मुरमाड उतारावर, पावसाने दडी मारली तरी तगणारे आहेत. मराठवाड्यात पावसाळ्याची सरासरी साधारण ६८० मिलिमीटर असली तरी तो पडतो कसा आणि खंड किती देतो, हे इथे दरवर्षी नव्याने कळते. त्या उतारावरच्या वेलांनी जे पिढ्यान्‌पिढ्या कमावले आहे, ते एका संध्याकाळच्या हौसेपायी मिसळून टाकू नये. दोन्ही वाण आधी शुद्ध आणि भरपूर बी होईल इतके वाढवावेत, मग पुढे कुणाला संकर करायचाच असेल तर मूळ वाण हाताशी राहील. म्हणून किनवटच्या मादीला किनवटचेच दोन नर.

हस्त नक्षत्र

पिशवी घातलेली बहुतेक फळे धरली. फळधारणा झाली की दोन-तीन दिवसांतच कळते. देठ ताठ राहतो, काटे टवटवीत दिसतात आणि वाळलेले फूल टोकाला चिकटून राहते. भाजीसाठीचे करटुले दहा-बारा दिवसांत तोडतात, पण बियाण्याचे फळ वेलावरच पिकू द्यावे लागते. पिशव्या त्यामुळेच काढल्या नाहीत, नाहीतर फळमाशी कोवळ्या सालीत अंडी घालते आणि आतून सगळा गर नासतो. मातीबद्दलही समाधान आहे. अंगणातली काळी चिकण माती बाजूला ठेवून मुरूम, पोयटा आणि शेणखत यांचे मिश्रण भरले, ते बरेच झाले. मागच्या आठवड्यातल्या मुसळधार पावसाचे पाणी कंदापाशी साचून राहिले नाही.

आज पहिले फळ पिकून उलले. आत लाल गर आणि त्यात गडद, खडबडीत कवचाच्या बिया. त्या धुऊन, राख लावून सावलीत वाळवायच्या आहेत. ताजे बी लगेच टोकले तर उगवत नाही, काही महिन्यांची झोप त्याला लागतेच. शिवाय कवच इतके टणक असते की पेरणीच्या आधी पक्कडीने टोक हलकेच तडकवून रात्रभर कोमट पाण्यात भिजवावे लागते. यंदा उगवण चांगली झाली ती या दोन गोष्टींमुळे, असे माझे स्पष्ट मत आहे.

बालाघाटचे बी तिन्ही माद्यांचे वेगवेगळ्या पाकिटांत ठेवले आहे. प्रत्येक पाकिटातले अर्धे बी मावशींना द्यायचे ठरले आहे. त्यांच्या वाडीच्या वरच्या बांधाला अजून बोरीचे कुंपण शाबूत आहे आणि तिथे रोहिणीत बी टोकायला त्या तयार आहेत. नर निघाले तर काढणार नाही, असे त्यांनी कबूल केले आहे. "डोंगरात कोन मोजतं बाई नर किती अन्‌ मादी किती," असे म्हणाल्या. किनवटचे बी एकाच मादीचे असल्यामुळे ते वाटण्याइतके नाही. जाऊबाई दिवाळीला माहेरी जाणार आहेत, त्यांना आणखी निरनिराळ्या वेलांची पिकलेली फळे मिळतात का ते पाहायला सांगितले आहे.