ताईच्या किचनमधला लाउलाउ

जहाजावरची नोकरी सोडून आलेला आमचा भाचा नागपुरातल्या प्रतापनगरच्या घरातून शनिवार-रविवार हवाईयन जेवणाच्या ऑर्डरी घेतो. जहाजाच्या किचनमध्ये त्याच्यासोबत एक बाई होत्या, हवाई बेटांवरच्या होनोलुलूच्या. आजी जपानी, आजोबा फिलिपिनो, नवरा पोर्तुगीज वंशाचा. त्यांच्या घरचं जेवणच हा शिकून आलाय.

तिथल्या प्लेट लंचमध्ये भाताचे दोन गोळे, मेयोनीजमध्ये कालवलेली मॅकरोनी आणि एखादा चिकन-मटणाचा प्रकार असतो. भातासोबत मॅकरोनी बघून आमच्याकडे सगळ्यांनीच नाक मुरडलं. पण हे ताट उसाच्या मळ्यांत घडलंय. तिथे राबायला १८५२ मध्ये चिनी, १८७८ मध्ये पोर्तुगीज, १८८५ पासून मोठ्या संख्येने जपानी, पुढे १९०३ ला कोरियन आणि १९०६ ला फिलिपिनो मजूर आले. दुपारी डबे उघडले की एकमेकांच्या डब्यात हात जायचेच. आमचे बाबा इथल्या एम्प्रेस कापड मिलमध्ये होते (मिल १८७७ ची, म्हणजे पोर्तुगीजांचं जहाज हवाईला लागलं त्याच्या आदल्याच वर्षीची). खात्यातल्या कोष्टी सोबत्याच्या डब्यातला सावजी रस्सा खाऊन आले की रात्री घरच्या वरणाला नावं ठेवायचे. त्यामुळे मळ्यातली ती दुपार मला वेगळी समजावून सांगावी लागली नाही.

ताईची खरी हुकूमत लाउलाउवर. डुकराचं मटण आणि खारवलेली मासळी धोप्याच्या, म्हणजे अळूच्या, पानांत गुंडाळायची, वरून टी नावाच्या झाडाचं पान बांधायचं आणि तासन्‌तास वाफवायचं. टीचं पान इथे कुठून आणणार? आम्ही केळीचं घेतो, आणि डुकराऐवजी चिकन. भाचा पानं नुसती धुऊन घालायला निघाला होता. ताईने ती ओढूनच घेतली. एकेक पान पालथं घातलं, देठ उडवला, मधली जाड शीर सुरीने तासून पानाच्या सपाटीला आणली. ‘‘काय करून राहिला बे? घसा खाजला तर गिऱ्हाईक पुन्हा येईन का?’’

मग तिचा हात चिंचेकडे गेला. ‘‘आई, चिंच नाही घालत तिथे. वाफच भरपूर दे, खाज जाते.’’

जाते खरी. पण चिंचेवाचून धोपा मला अजूनही अळणीच वाटतो. हवाईवाल्यांनी माफ करावं.

मालासादाची मात्र ओळख करून द्यावी लागत नाही. मदेइरा-अझोर्स बेटांवरच्या पोर्तुगीजांचा हा तळून साखरेत घोळवलेला गोळा. ईस्टरआधीचे उपवास लागण्यापूर्वी घरातली चरबी नि साखर संपवायला करत. आमच्याकडे तो ऑर्डरी बाहेर पडायच्या आधीच घरातल्या घरात संपतो, त्यामुळे भाचा हल्ली कढईपाशीच उभा राहतो.

प्लेट लंचवर तर्री मागणारेही भेटतात. भाचा ठाम नाही म्हणतो. ताई मात्र ओळखीच्या गिऱ्हाइकाच्या पिशवीत एक छोटी डबी सरकवते, आणि त्याच गिऱ्हाइकांची ऑर्डर दर शनिवारी न चुकता येते.