बत्तिसाव्या आठवड्यात पाणी गेलं

गरोदरपणाचा ३२वा आठवडा नुकताच लागला होता. पहाटे कूस बदलताना अंथरूण ओलं झालं. लघवी झाली असेल म्हणून गाऊन बदलला आणि परत पडले. सांगायची लाज वाटली. उठून बसलं की पुन्हा थेंब थेंब, खोकलं की जास्त. रोखून धरायला गेले तर रोखता येईना, आणि वासही लघवीचा नव्हता. यात चार तास गेले. ते चार तास मला अजून डाचतात. बाळाभोवतीचं पाणी धो-धोच जातं असं नाही, बायांनो. कोरडं पॅड लावा, ते भिजलं की सरळ निघा.

आईने पॅड बघितलं आणि म्हणाली, "अगं, पाणी जातंय तुझं. फाइल घे."

नाव घातलं होतं त्या दवाखान्यात काचेच्या पेटीची सोय नव्हती, म्हणून तिथून जिल्ह्याच्या गावी. मागच्या सीटवर डाव्या कुशीवर पडून गेले.

तिथल्या डॉक्टरांनी बोटांनी तपासलं नाही, त्याने जंतू आत जायची भीती असते म्हणाल्या. स्पेक्युलम, म्हणजे आतलं बघायचं उपकरण, लावून खोकायला सांगितलं, तेव्हा पाणी येताना दिसलं. आता लगेच बाळंतपण, असं मी धरून चालले होते. पण कळा नव्हत्या, ताप नव्हता, बाळाचे ठोके चांगले होते. "थांबायचं. पोटात जाईल तो प्रत्येक दिवस बाळाचा फायदा," त्या म्हणाल्या. फुप्फुसं तयार व्हावीत म्हणून स्टेरॉइडची चार इंजेक्शनं, दर १२ तासांनी एक. शिवाय अँटिबायोटिक.

मग नुसती वाट. दर चार तासांनी ताप मोजायचा, रोज एनएसटी, म्हणजे पोटावर पट्टा लावून बाळाचे ठोके बघायचे, एक दिवसाआड रक्त तपासायचं. पाण्याचा रंग हिरवट झाला किंवा वास आला तर लगेच सांगायचं, म्हणून मी प्रत्येक पॅड उजेडात धरून बघायचे. सगळं पाणी संपलं तर बाळ कोरडं पडेल, या विचाराने रात्री झोप यायची नाही. एका रात्री सिस्टर शेजारी बसल्या. "पाणी नवीन तयार होत असतं ताई. बाळच लघवी करतं ना आत." इतकं साधं वाक्य, पण मला त्याने झोप लागली.

अकराव्या रात्री थंडी वाजली. ताप १००.८. बाळाचे ठोकेही वाढले होते. मग कुणी थांबलं नाही.

१ किलो ८५० ग्रॅम. आवाज बारीक होता, पण रडली.