आंबलेला खांदा

एक्कावन्नाव्या वर्षी माझा उजवा खांदा आखडला. आधी वेणी घालताना कळ यायची, मग हात मागे जाईनासाच झाला. नोकरीमुळे मी शांघायमध्ये राहते. ऑफिसातली मैत्रीण ऐकताक्षणी म्हणाली, "वूशीजिएन!" म्हणजे 'पन्नाशीचा खांदा'. फ्रोझन शोल्डरचं हे तिथलं रोजच्या बोलण्यातलं नाव. हे दुखणं इतकं ओळखीचं आहे, हे कळूनच मला धीर आला.

एक्स-रेमध्ये हाड ठीक निघालं. सांगितलेले व्यायाम चालू ठेवले आणि पारंपरिक चिनी वैद्यकाच्या रुग्णालयात नाव नोंदवलं.

डॉक्टरबाईंनी जीभ पाहिली, मग मनगटावर तीन बोटं ठेवली. आमच्या गावचे वैद्यबुवा अशीच बोटं ठेवून वात, पित्त, कफ बघायचे. इथे डाव्या मनगटावर हृदय, यकृत, मूत्रपिंड बघतात, उजव्यावर फुप्फुस आणि प्लीहा. वारा, गारठा आणि ओल खांद्यात शिरून 'ची', म्हणजे अंगात वाहणारी प्राणशक्ती, अडली आहे, असं निदान झालं. एसीचा झोत मानेवर येतो का, असंही त्यांनी विचारलं. येत होताच.

मग सुया. त्या टोचताना बाई प्रत्येक बिंदूचं नाव सांगत, आणि मी त्या नावांतच रमले. बोटाच्या टोकाशी 'विहीर', पुढे झरा, ओढा, नदी, आणि कोपरापाशी 'समुद्र'. कोपराच्या घडीतला बिंदू 'छूची', म्हणजे वळणावरचं तळं. अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यात 'हगू', जुळलेली दरी. तिथे दाबून पाहिलं तर बोट खरंच खळग्यात उतरतं. 'ची' वाहते का, हे मला सांगता येणार नाही. पण हात कुठे ठेवायचा, ते ही नावं नेमकं सांगतात.

सुई जराशी फिरवून बाईंनी विचारलं, "सुआन?" सुआन म्हणजे आंबट. मी गोंधळले. त्यांनी माझा दंड चोळून दाखवला आणि लख्ख उजेड पडला. दिवसभर कपडे धुतल्यावर आई म्हणायची, "हात आंबले गं!" तेच! आंबट चवीला आणि आंबलेल्या अंगाला चिनीतही एकच शब्द. आंबणं, मुंग्या, जडपणा यांपैकी काहीतरी जाणवलं की सुई लागू पडली, असं ते धरतात. मी म्हटलं, "सुआन!" बाई खूश झाल्या.

सगळ्यात नवल पायातल्या सुईचं वाटलं. नडगीच्या बाहेरच्या बाजूला, गुडघा आणि घोट्याच्या साधारण मध्यावर 'त्याओखौ' नावाचा बिंदू आहे. तिथे सुई ठेवून त्या म्हणाल्या, "आता हात उचला." हात कानाच्या पाळीपर्यंत गेला. आदल्या दिवशी तो खांद्याच्या रेषेवरच अडत होता.

शेवटी धुरी. 'आय' नावाच्या वनस्पतीच्या वाळक्या पानांची कांडी पेटवून खांद्याजवळ धरतात. ड्रॅगन बोटच्या सणाला हीच डहाळी दारावर टांगलेली मी पाहिली होती. ही आपल्या दवण्याच्याच कुळातली. धुराचा उग्रपणा ओसरला की त्या वासात मला जोतिबाच्या डोंगराची आठवण यायची.

दहा बैठका झाल्या. पन्नाशीचा खांदा पुष्कळदा आपोआपही सुटतो, त्यामुळे श्रेय सुयांचं की व्यायामाचं, हे मी ठरवत नाही. वेणी मात्र आता माझी मी घालते. पाठीमागचा हूक अजून जमत नाही, म्हणून पुढच्या मंगळवारचा नंबर लावलाय.