एकशेवीस लिटर पाणी आणि कोकणातले पाच दिवस

ठाण्याहून गणपतीपुळ्याला आम्ही एसटीने, रेल्वेने आणि स्वतःच्या गाडीनेही अनेकदा गेलो आहोत. या जानेवारीत मोटरहोम भाड्याने घ्यायचे ठरले, ते माझ्या सासऱ्यांमुळे. बाबांचे वय ७६ आहे, त्यांना रोज इन्सुलिन घ्यावे लागते, दोन तासांपेक्षा जास्त वेळ एका जागी बसवत नाही आणि वाटेतल्या स्वच्छतागृहांच्या धास्तीने ते प्रवासात पाणी पिणेच टाळतात. झोपायला पलंग, औषधाला फ्रिज आणि स्वतःचे शौचालय सोबत असेल तर बाबा पुन्हा एकदा कोकण पाहू शकतील, एवढाच या बेतामागचा विचार होता.

महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले, तरी अशी गाडी घेऊन निघालेली कुटुंबे आपल्याकडे अजून विरळाच दिसतात. त्यामुळे विचारावे कोणाला, हा प्रश्न होता. गाडी ठरवताना आम्ही सर्वांत आधी पलंग किती हे विचारले आणि ती चूक होती. झोपायला सहा जागा असलेल्या गाडीत पट्ट्यासह बसायच्या जागा चारच असू शकतात, आणि गाडी चालू असताना पलंगावर कोणी झोपू नये किंवा शेगडी पेटवू नये, हे आम्हाला मान्य होते. आम्ही दोघे, दोन मुले, आई-बाबा आणि चालक अशा सात जणांना पट्ट्यासह बसता येईल अशी गाडी मिळेपर्यंत तीन गाड्या नाकाराव्या लागल्या. चालककाका रात्री कोठे झोपणार हेही आम्ही आधीच ठरवले, कारण दिवसभर घाटरस्ता चालवणाऱ्या माणसाला रात्री पुढच्या आसनावर आखडून पडायला लावणे आम्हाला पटणारे नव्हते.

निघण्याच्या दोन दिवस आधी संध्याकाळी गाडी ताब्यात घेऊन पाचपाखाडीतील आमच्या सोसायटीच्या आवारात उभी केली आणि ती रात्र आम्ही सगळे तिच्यातच राहिलो. माझ्या मते साऱ्या तयारीत सर्वांत उपयोगी पडली ती हीच रात्र. पायरी आईंच्या गुडघ्यांना फार उंच आहे हे कळले आणि देवघरातला पाट सामानात आला. बाबांचा पलंग शौचालयाच्या बाजूला हवा, मुलांचा वर हवा, हेही तेव्हाच ठरले. सकाळी टाकी पुन्हा वीस लिटरच्या कॅनने मोजून भरली, तेव्हा तीन कॅन रिकामे झाले. म्हणजे १२० लिटरच्या टाकीतले निम्मे पाणी आम्ही एका रात्रीत, एकही अंघोळ न करता, संपवले होते.

शहराच्या पाणीपुरवठ्याचे नियोजन करताना माणशी दिवसाला १३५ लिटर हे प्रमाण धरतात. त्या हिशेबाने सात माणसांना दिवसाला ९४५ लिटर पाणी लागते आणि आमच्याजवळ होते १२०. हा आकडा मी मोठ्याने वाचला, तेव्हा आई उठल्या आणि घरातून दोन तांबे व एक लहान घंगाळ घेऊन आल्या. गुहागर तालुक्यातल्या त्यांच्या माहेरी रहाटाचे पाणी भरावे लागे. त्या म्हणाल्या, “नळ सोडून हात धुतले की किती गेले ते कळत नाही. तांब्याने धुतले की प्रत्येक तांब्या डोळ्यांसमोर असतो.” तिथून पुढे सामानाची सगळी यादीच बदलली. भांड्यांऐवजी केळीची पाने, चार पातेल्यांऐवजी एक तीन लिटरचा कुकर, आणि गाडीत तळण करायचेच नाही, कारण तेलकट कढई धुवायला जे पाणी जाते त्यात दोघांची तोंडे धुऊन होतात. थालीपिठाची भाजणी, मेतकूट, दाण्याची चटणी, दशम्या आणि गूळ यांवर सकाळ-संध्याकाळ निभावेल असा हिशेब केला.

विजेचेही गणित असेच मांडावे लागले. गाडीची बॅटरी १२ व्होल्ट आणि १५० अँपिअर-अवरची होती, म्हणजे १८०० वॉट-अवर. शिशाच्या बॅटरीतली निम्मीच वीज वापरावी, नाहीतर तिचे आयुष्य घटते, म्हणून हाती उरले ९००. दीड हजार वॉटची किटली दहा मिनिटे लावली तरी त्यातले अडीचशे जातात. बाबांचे इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवायचे होते, तेव्हा रात्रीच्या विजेवर पहिला हक्क फ्रिजचा होता. किटली घरीच राहिली आणि चहा गॅसवर करायचा ठरला. इन्सुलिन गोठले तर निकामी होते, म्हणून कुप्या फ्रिजच्या मागच्या थंड पत्र्याला न टेकवता डब्यात घालून, तापमापकासह दाराजवळ ठेवल्या.

वजनाबद्दल थोडक्यात सांगते. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, तेव्हा जड वस्तू खाली आणि चाकांच्या आसाजवळ, हलक्या वर. प्रत्येकाला एकच कापडी पिशवी आणि तीही वजनकाट्यावर सहा किलोंच्या आत. धाकटीने स्वतःहून दोन पुस्तके परत ठेवली, ते पाहून मला भरून आले.

मुक्काम मालगुंडजवळ एका नातेवाइकांच्या वाडीत होता. गाडीची उंची जवळजवळ तीन मीटर आणि वाडीकडे जाणारी वाट दोन्ही बाजूंनी चिऱ्याच्या गडग्यांमधली. आमच्या विनंतीवरून तिथल्या काकांनी साडेतीन मीटरचा बांबू उभा धरून ती वाट आधी चालून पाहिली आणि आंब्याच्या दोन फांद्या व एक लोंबती तार आम्हाला कळवली. आम्ही पोहोचेपर्यंत फांद्या उतरवल्या होत्या आणि तार वर बांधून घेतली होती.

पहाटे साडेचारला निघालो. मुलगी यादी वाचत होती आणि मुलगा प्रत्येक गोष्टीला हात लावून ‘झाले’ म्हणत होता: गॅसचा रेग्युलेटर बंद, छताची झडप बंद, पाण्याचा पंप बंद, कप्प्यांच्या खिट्या लावलेल्या. ठाणे-बेलापूर रस्त्याने पळस्पे फाटा गाठला आणि कर्नाळ्याला उजाडले. कशेडीचा बोगदा सुखाने पार पडला. परशुराम घाटात मात्र वरच्या कप्प्याची खिटी निसटून गुळाचा डबा खाली आला. आयत्या वेळी तो तिथे मीच ठेवला होता. सगळे पट्टे बांधून जागेवर बसले होते म्हणून कोणाला लागले नाही, पण त्यानंतर वरच्या कप्प्यात पांघरुणांखेरीज काहीही ठेवले नाही.

वाडीत पोहोचल्यावर काकांच्या परवानगीने सांडपाण्याची सोय लावली. शौचालयाची टाकी रोज सकाळी त्यांच्या शौचालयात रिकामी केली आणि भांड्यांचे पाणी, साध्या साबणाचे असल्यामुळे, माडांच्या आळ्यात गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी विहिरीवरून टाकी भरायला नळी जोडली, तेव्हा आत अजून पाव टाकी पाणी शिल्लक होते. बाबा खुर्ची टाकून जवळच बसले होते. त्यांनी स्वतःहून तांब्याभर पाणी मागितले, सगळे प्यायले आणि गणपतीपुळ्याला देवळात जायला किती वाजता निघायचे ते विचारले.