‘नियमांचं उल्लंघन आढळलं नाही’

तो मेल मी अजून पुसलेला नाही. ‘कळवल्याबद्दल आभार. आम्ही हे खातं तपासलं. त्यात आमच्या नियमांचं उल्लंघन आढळलं नाही.’ तक्रार केल्यावर चाळीस मिनिटांत आला होता. फोटो टाकायच्या एका ॲपवर माझ्या बारा वर्षांच्या मुलाच्या नावाने कुणीतरी खातं उघडलं होतं. त्याचे अकरा फोटो टाकले होते आणि प्रत्येक फोटोखाली तो अडखळत बोलतो त्याची नक्कल होती: ‘म-म-मला प-प-पाणी द्या.’ हे सगळं कुणीतरी पाहिलं आणि ‘ठीक आहे’ म्हणालं, असंच मला त्या रात्री वाटलं. मी फोन भिंतीवर मारायच्या बेतात होते.

आता जरा थंड डोक्याने सांगते. पहिली चाळणी बहुतेक वेळा यंत्राची असते आणि यंत्राच्या नजरेला त्या पोस्टमध्ये काहीच नव्हतं. शिवी नाही, धमकी नाही, एका मुलाचा साधा हसरा फोटो आणि खाली एक ओळ. दान ओल्वेउस या मानसशास्त्रज्ञाने १९७०च्या दशकापासून शाळेतल्या दादागिरीचा अभ्यास केला. त्याच्या व्याख्येत तीन खुणा आहेत: मुद्दाम केलेलं असणं, पुन्हा पुन्हा होणं आणि ज्याला त्रास होतोय त्याला उलटून उत्तर देणं कठीण असणं. यांतली एकही खूण एकट्या फोटोत दिसत नाही. अकरा फोटो ओळीने लावले आणि माझा मुलगा वर्गात उभा राहून ‘म’ म्हणायला कसा झगडतो ते माहीत असलं, तरच दिसते. ते यंत्राला माहीत असायचं काही कारण नव्हतं.

मी स्वतः विम्याच्या दाव्यांचे अर्ज तपासते. ‘अपूर्ण’ असा शेरा मारून रोज पाच-सहा अर्ज परत पाठवते. त्यामुळे एका अर्जाने मला इतकं नाचवावं, हे जास्तच झोंबलं.

हे बाहेर कसं आलं ते थोडक्यात सांगते. महिनाभर तोंडी परीक्षेच्या दिवशी त्याचं पोट दुखायचं. फोन टेबलावर नेहमी पालथा. मी परीक्षेची भीती समजले. मग एका रात्री त्याने विचारलं, “आई, माणसाला नाव बदलता येतं का?” तेव्हा धागा सापडला. सापडल्यावर माझ्या तोंडून पहिलं वाक्य काय निघालं असेल? “दे तो फोन इकडे.” तो म्हणाला, “म्हणूनच सांगत नव्हतो.” फोन जाईल या भीतीने मुलं सांगत नाहीत, हे मी शंभरदा वाचलं होतं. तरीही.

दुसरी चूक लगेच पुढच्या मिनिटाला. रागाच्या भरात त्याच्या फोनवरून ते खातं ब्लॉक केलं. ब्लॉक केल्यावर ते त्याला दिसेना आणि तक्रारीत खात्याची लिंक लागते. पुन्हा अनब्लॉक, पुन्हा शोधाशोध. तेव्हा आधी स्क्रीनशॉट काढा, तारीख-वेळ दिसेल असे. आणि नुसत्या खात्याच्या नावावर विसंबू नका, प्रत्येक पोस्टची लिंक कॉपी करून ठेवा. हे मला चौथ्या दिवशी कळलं, कारण चौथ्या दिवशी त्या खात्याने नावच बदललं. माझे सगळे स्क्रीनशॉट जुन्या नावाचे, तक्रार जुन्या नावाची. पोस्टच्या लिंका मात्र तशाच चालत होत्या. एवढ्यावरच निभावलं.

तर अर्ज. पोस्टच्या कोपऱ्यातल्या तीन टिंबांवर दाबलं की कारण विचारतात. मी ‘छळ’ निवडलं. चाळीस मिनिटांत वरचा मेल. ‘पुन्हा तपासा’ असं बटण होतं, ते दाबलं. दोन दिवसांनी तेच उत्तर. दरम्यान मी माझ्या बहिणीला, नणंदेला, ऑफिसातल्या सातजणींना त्या खात्याची तक्रार करायला लावलं. काही उपयोग झाला नाही. एक तक्रार असो की शंभर, पोस्ट नियमात बसते की नाही एवढंच बघतात, असं मदतीच्या पानावर स्पष्ट लिहिलेलं होतं. उलट नऊ जणींनी जाऊन ते खातं पाहिलं, म्हणजे माझ्याच हाताने प्रेक्षक वाढवले. मुलाला हे कळलं तेव्हा तो बोलला नाही, नुसता माझ्याकडे बघत राहिला. ऑफिसातल्या सातजणींनी त्याचे ते फोटो पाहिले होते.

मग लक्षात आलं की कारणच चुकलंय. हा छळ होताच, पण नियमाच्या भाषेत पकडता येण्यासारखी गोष्ट वेगळी होती: दुसऱ्याच्या नावाने खातं उघडणं. ते कारण निवडलं तर पुढचा प्रश्न: हे खातं कुणाचं सोंग घेतंय? मी, माझ्या ओळखीचं कुणी की प्रसिद्ध व्यक्ती? मी ‘ओळखीचं कुणी’ निवडलं. पुढे चार दिवस शांतता. कारण अशी तक्रार ज्याचं सोंग घेतलं त्याने किंवा त्याच्या पालकाने करायची असते, आणि पालकासाठी या मेन्यूत जागाच नाही. ती आहे मदतीच्या विभागात, वेगळ्या फॉर्ममध्ये, चार पायऱ्या खाली. हा फॉर्म ॲपमधून सापडत नाही म्हणून वैतागू नका. कॉम्प्युटरवर मदतीचं पान उघडा आणि ‘तोतयेगिरी’ या अर्थाचा शब्द शोधा.

फॉर्म सापडला तो सहाव्या दिवशी. त्यात मुलाची जन्मतारीख विचारली होती आणि तिथे माझा हात थांबला.

अशा बहुतेक ॲपवर खात्यासाठी किमान वय तेरा असतं. हा आकडा अमेरिकेच्या १९९८च्या एका कायद्यातून आला. तेरा वर्षांखालच्या मुलांची माहिती गोळा करायला पालकांची संमती लागते, म्हणून कंपन्यांनी सरळ तेराची रेघ मारली. माझ्या मुलाचंही तिथे खरं खातं होतं. त्यात जन्मसाल दोन वर्षं मागे टाकलेलं. टाकलं कुणी? मी. ‘सगळ्यांचं आहे, माझंच नाही’ या त्याच्या महिनाभराच्या धोशाला कंटाळून, सोफ्यावर बसून, स्वतःच्या अंगठ्याने. आता खरी तारीख लिहिली तर खोट्या खात्याबरोबर त्याचं खरं खातंही जाण्याची शक्यता. खोटी लिहिली तर सोबत जोडायच्या कागदाशी मेळ बसणार नाही.

एखाद्या अर्जदाराने असा घोळ घालून दावा पाठवला असता, तर मी तो दोन सेकंदांत परत केला असता.

नवरा म्हणाला, खरी लिही, जाऊ दे त्याचं खातं. मी म्हटलं, त्याने काय केलंय म्हणून त्याचं जावं? यावर आम्ही तासभर भांडलो. मुलगा शेजारच्या खोलीत होता. आम्ही दोघंही त्याला विचारायला गेलो नाही.

याच सुमाराला मी आणखी एक पराक्रम केला. त्या अकरांतला एक फोटो सहलीचा होता आणि तो मुलाने एकाच मित्राला पाठवला होता, असं मला वाटत होतं. मी त्या मित्राच्या आईला फोन लावला आणि नको ते बोलले. ‘घरचे संस्कार’ हा शब्दही वापरला. दुसऱ्या दिवशी कळलं की तो फोटो त्या मित्राने वर्गाच्या ग्रुपवर टाकला होता, चाळीस जणांत, कौतुकाने. पालकांनी गुप्तहेर होऊ नये, एवढंच म्हणते.

शाळेत आधी ‘हे शाळेबाहेर घडलंय’ हे उत्तर मिळालं. त्याबद्दल आता काही लिहीत नाही, कारण वर्गशिक्षिकेने नंतर जे केलं ते माझ्या सगळ्या अर्जांपेक्षा जास्त कामाचं ठरलं. तिने गुन्हेगार शोधलाच नाही. त्या पोस्टना लाइक देणाऱ्या मुलांपैकी चार-पाच जणांना एकेकटं बोलावलं आणि ‘त्याच्यासाठी तू काय करू शकशील?’ एवढंच विचारलं. फिनलंडमधल्या तुर्कू विद्यापीठात तयार झालेल्या ‘किवा’ या शालेय कार्यक्रमाचा भर अशाच बघ्यांवर आहे. टाळ्या थांबल्या की खेळ थांबतो, असा त्यामागचा हिशोब. आठवडा संपेपर्यंत त्या खात्याच्या नव्या पोस्टवर एकही लाइक नव्हता. हे मला मुलानेच सांगितलं, मी फॉर्मच्या तिसऱ्या पानावर असताना.

मध्येच आठवलं म्हणून लिहिते. हे फोटो साधे होते. पण अठराच्या आतल्या मुलाचे नग्न किंवा तशा प्रकारचे फोटो फिरत असतील, तर वाट पूर्ण वेगळी. ते पुरावा म्हणूनही कुणाला पुढे पाठवू नका. अमेरिकेतलं ‘नॅशनल सेंटर फॉर मिसिंग अँड एक्स्प्लॉयटेड चिल्ड्रन’ त्यासाठी ‘टेक इट डाउन’ ही मोफत सेवा चालवतं. फोटो आपल्या फोनवरच राहतो, फक्त त्याचा डिजिटल ठसा जातो आणि सहभागी कंपन्या त्या ठशावरून तो फोटो शोधून काढू शकतात. कुणी धमकी देत असेल किंवा पैसे मागत असेल, तर पैसे देऊ नका, मेसेज पुसू नका आणि थेट पोलिसांकडे जा. आणि मूल ‘मी नसतोच तर बरं झालं असतं’ असं काही बोललं किंवा स्वतःला इजा करू लागलं, तर फॉर्मबिर्म बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. तोवर त्याला एकटं सोडू नका. माझा मुलगा तसं बोलला नाही. मी घाबरत घाबरत त्याला सरळ विचारलं होतं. असं विचारल्याने मुलाच्या डोक्यात तो विचार भरतो, हा समज चुकीचा आहे, असं समुपदेशक बाईंनी सांगितलं होतं म्हणून धीर झाला.

त्यांनीच आणखी एक गोष्ट सांगितली होती. मूल काही सांगायला लागलं की आधी विचारायचं: नुसतं ऐकू, मिळून काही सुचवू, की मी काही करू? मी तिसऱ्यापासूनच सुरुवात केली होती.

सातव्या दिवशी रात्री मी फॉर्ममधला ‘काय घडलं ते लिहा’ हा चौकोन भरत होते. चांगला मोठा मजकूर झाला होता. अडखळत बोलणं म्हणजे काय, त्याची चेष्टा केली की काय होतं, आईच्या मनावर काय बीतते, सगळं. मुलगा मागे येऊन उभा राहिला.

“मी व-वाचू?”

त्याने सगळं वाचलं. मग म्हणाला, “यात म-म-”

“माझं नाव नको?” मी म्हटलं.

त्याने मान हलवली. नाही. त्याच्या वाचा-उपचार करणाऱ्या बाई आम्हाला तीन वर्षं एकच गोष्ट सांगताहेत, त्याचं वाक्य तुम्ही पुरं करू नका, थांबा. मी थांबले. बराच वेळ लागला.

“यात मी कुठेय?”

मग त्याने कीबोर्ड स्वतःकडे ओढला आणि माझा सगळा मजकूर पुसला. मला ओरडावंसं वाटलं, तास गेला होता त्यात. त्याने लिहिलं: ‘हा मी नाही. हे खातं मी उघडलेलं नाही. फोटो माझे आहेत, विचारून घेतलेले नाहीत.’ जन्मतारखेच्या रकान्यात त्याने खरी तारीख टाकली. माझं खातं गेलं तर जाऊ दे, म्हणाला, मला तसंही तिथे जावंसं वाटत नाही. नवऱ्याने आणि मी तासभर ज्यावर भांडण केलं होतं, ते एका वाक्यात संपलं.

कागद एकदा परत आला. माझ्या ओळखपत्राचा फोटो अंधुक होता. दिवसाच्या उजेडात, कागद सपाट ठेवून, चारही कोपरे दिसतील असा काढा. हे मी रोज लोकांना सांगते आणि स्वतः रात्री अकराला पिवळ्या दिव्याखाली काढला होता.

अकराव्या दिवशी पहाटे मेल आला. खातं काढून टाकलं होतं. मी चपला न घालता पळत त्याच्या खोलीत गेले, त्याला झोपेतून उठवलं. तो डोळे चोळत म्हणाला, “बरं.” एवढंच. मी अकरा दिवसांच्या विजयाची मिरवणूक काढायच्या तयारीत आणि हा ‘बरं’ म्हणतोय. मग अर्धवट उठून बसला. काही सांगायचं होतं त्याला, मी तोंड घट्ट मिटून घेतलं.

“तू त्याच्या आ-आईला स-सॉरी म्हणालीस का?”

नव्हते म्हणाले. पाच दिवस झाले होते. तो मित्र वर्गात याच्या शेजारी बसणारा एकमेव मुलगा आहे, हे मला तेव्हा कळलं.

नऊ वाजता फोन लावला. बारा मिनिटं चालला. त्यातली पहिली दहा ती बोलत होती.