६० वॉटचा ग्रो लाइट नक्की किती जागेला पुरतो?

घरात झाडं वाढवायच्या ग्रो लाइटच्या खोक्यावर 'चार बाय चार फूट कव्हरेज' असं छापलेलं असतं. कोणतं पीक, दिवसाला किती तास आणि कोपऱ्यात किती प्रकाश, हे कळल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही. दिव्यातून निघणारा एकूण प्रकाश ठरलेला असतो. वाटीभर तूप दोन भाकऱ्यांना लावा नाहीतर चारांना, तूप तेवढंच.

म्हणून आधी पीपीएफ शोधा, म्हणजे दिव्यातून सेकंदाला निघणारे प्रकाशकण, मायक्रोमोलमध्ये मोजलेले. ल्युमेन हे माणसाच्या डोळ्याचं माप आहे. झाड ४०० ते ७०० नॅनोमीटरमधला प्रकाश वापरतं आणि पीपीएफ तोच मोजतो. पीपीएफ दिलेला नसेल तर प्रत्यक्ष वीजवापर पाहा. '१००० वॉट' म्हणून विकले जाणारे कित्येक दिवे प्रत्यक्षात १०० वॉटच्या आसपास खातात. चांगला पांढरा एलईडी बोर्ड एका वॉटमागे २.५ मायक्रोमोल किंवा जास्त देतो, स्वस्तातला दीडच्या आसपास.

आता ६० वॉटचा चांगला बोर्ड घेऊ. ६० × २.५ = १५० मायक्रोमोल. त्यातला सुमारे ३० टक्के प्रकाश भिंतींवर आणि झाडं ठेवलेल्या कप्प्याबाहेर जातो असं धरलं, तर पानांवर १०५ उरतो. दोन बाय दोन फूट म्हणजे ०.३७ चौरस मीटर; भागाकार केला की सरासरी पीपीएफडी, म्हणजे एका चौरस मीटरवर सेकंदाला पडणारे मायक्रोमोल, येतो २८४ च्या आसपास. याला तासांनी आणि ०.००३६ ने गुणलं की दिवसभराचा प्रकाश मोलमध्ये मिळतो. १२ तासांना सुमारे १२ मोल. पालक, मेथी, कोथिंबीर, लेट्यूस यांना हे पुरेसं आहे. टोमॅटो-मिरचीला फळ धरायला २० ते ३० मोल लागतात. २५ मोल १४ तासांत द्यायचे तर पीपीएफडी ५०० हवा, आणि मग हाच बोर्ड दीड बाय दीड फुटांपुरताच उरतो.

पण ही झाली सरासरी, आणि खरी फसगत सरासरीतच होते. बहुतेक ठिकाणी बरोबर मध्यावरचा आकडा ठळक छापतात. कप्प्याचे नऊ सारखे चौकोन पाडा आणि प्रत्येकाच्या मध्यावर, पानांच्या उंचीला, मोजा. समजा मध्यावर ४८०, चार कडांना ३००, चार कोपऱ्यांत १७० आलं. सरासरी २६२, दिसायला ठीक. पण १२ तासांत मधल्या कुंडीला २१ मोल आणि कोपऱ्यातलीला जेमतेम ७. मधली भाजी कापायला येते तेव्हा कोपऱ्यातली लांबुडकी होऊन आडवी पडलेली असते. दिवा काही इंच वर घेतल्यावर आकडे ३३०, २६५, १९० असे झाले, तर सरासरी २३९ वर येते, पण कोपरे सावरतात. थोडी सरासरी गमावून समान प्रकाश मिळवणं पालेभाजीसाठी केव्हाही चांगलं. बाजूंना पांढरा सनबोर्ड लावला तर कोपऱ्यांना आणखी हातभार लागतो. थर्माकोल मात्र तापणाऱ्या ड्रायव्हरजवळ (दिव्याला वीज पुरवणाऱ्या डब्याजवळ) नको.

पीपीएफडी मोजायचं यंत्र, क्वांटम मीटर, महाग पडतो. पांढऱ्या दिव्याखाली फोनचं लक्स, म्हणजे डोळ्याला दिसणारा उजेड, मोजणारं अ‍ॅप चालतं: लक्सला ७० ने भागा, साधारण पीपीएफडी मिळेल. २१,००० लक्स म्हणजे सुमारे ३००. फोनागणिक आकडा बदलतो, पण मध्य आणि कोपरा यांची तुलना करायला तेवढं पुरतं. सेन्सर बहुधा पुढच्या कॅमेऱ्याजवळ असतो. त्यावर सावली पडू देऊ नका. जांभळ्या दिव्याखाली मात्र लक्सचा आकडा निरुपयोगी आहे.

प्रकाश कमी पडतोय म्हणून तास वाढवत नेणं हा सोपा उपाय वाटतो. तुळस, लेट्यूस १६ तास सोसतात. कोथिंबीर आणि मेथी मोठ्या दिवसात लवकर फुलावर येतात, त्यात बंद कप्प्यातली उष्णता भर घालते. त्यांना १२ तासच ठेवा आणि प्रकाश वाढवा. उलट, फक्त वरची, दिव्याजवळची पानं फिकट पडून कडा वर वळत असतील तर दिवा चार इंच वर घ्या किंवा डिमर कमी करा. खालची जुनी पानं आधी पिवळी होत असतील तर बहुधा नत्राची कमतरता आहे, दिव्याला हात लावू नका.

रोपं आणि मायक्रोग्रीन्सना (कोवळी असतानाच कापायच्या इवल्या भाज्यांना) खास ग्रो लाइट घ्यायची गरजच नाही. चार फुटी, २० वॉटच्या, २००० ल्युमेनच्या साध्या एलईडी बॅटन चार लावल्या तर साधारण ११५ मायक्रोमोल मिळतात. चार बाय दीड फुटांच्या कप्प्यात पाव भाग वाया धरला तरी पीपीएफडी १५० च्या वर राहतो. १४ तासांत सुमारे ८ मोल. बॅटन एकमेकींपासून चार-साडेचार इंचांवर आणि पानांपासून सहा ते आठ इंचांवर टांगा. खर्च दिवसाला १.१२ युनिट.